आधी कोणाचे फेडावे?



एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे. नवरा कारखान्यात कामाला, बायको घरी शिलाई मशीन चालवते. दोघांची मिळून महिन्याची प्राप्ती २७,००० रुपये. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. विधी बौद्ध पद्धतीनेच झाला, तासाभरात आटोपला, त्याला खर्च असा आलाच नाही. खर्च आला तो मंडपाला, वाजंत्रीला आणि 'लोक काय म्हणतील' याला. त्यापायी सावकाराचे ४०,००० रुपये झाले, दरमहा शेकडा पाच व्याजाने. बायकोच्या भावाने २०,००० बिनव्याजी दिले. वाण्याची उधारी ६,००० वर गेली. एकूण ६६,०००.

यातले सावकाराचे ४०,००० बायकोला ठाऊकच नव्हते. सावकाराचा माणूस दारात उभा राहिला तेव्हा तिला कळले.

नवरा म्हणाला, "तुला उगीच घोर नको म्हणून बोललो नाही."

ती म्हणाली, "घोर लागायचा तो लागलाच. पण शेजारीपाजारी बघत असताना, एकटीला लागला."

त्या रात्री दोघांनी मुलाची एक कोरी वही घेतली आणि हिशेब मांडला. भाडे, किराणा, दूध-भाजी, वीज-गॅस, शाळा, जाणे-येणे, नेहमीचे औषधपाणी, सारे धरून २०,८०० रुपये लागतात असे दिसले. मग पैसा जातो कुठे? वहीने तेही सांगितले. त्याचे पान-तंबाखूचे रोजचे ४० रुपये, म्हणजे महिन्याचे १,२०० झाले. तिने हप्त्यावर घेतलेल्या साड्याही वहीत आल्या. दोघांनीही मान खाली घातली. ते खर्च बंद करायचे, १,००० रुपये अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायचे आणि राहिलेले ५,२०० दरमहा कर्जाला द्यायचे, असे ठरले.

आणि तिथेच वाद उभा राहिला. तो म्हणाला, "सावकार दारात येऊन ओरडतो, आधी त्याचे फेडू." ती म्हणाली, "माझा भाऊ ओरडत नाही, म्हणून त्याचे शेवटी होय?"

वाचकहो, तुम्ही काय उत्तर द्याल? प्रश्न साधा वाटतो, पण नीट पाहिले तर तो नीतीचा प्रश्न आहे. जो धाक दाखवतो त्याचे देणे आधी, की ज्याने विश्वास ठेवला त्याचे आधी?

प्रथम गणित पाहू. शेकडा पाच दरमहा म्हणजे वर्षाला शेकडा साठ. ४०,००० वर महिन्याला २,००० रुपये नुसते व्याज होते. चौदा महिने व्याजच भरत राहिले तर २८,००० रुपये जातील आणि मुद्दल होते तेवढेच राहील. हेच ४०,००० कामगारांच्या पतपेढीतून वर्षाला शेकडा बारा दराने मिळाले, तर पहिल्या महिन्याचे व्याज ४०० रुपये होते, आणि मुद्दल फिटत जाईल तसे तेही उतरते. मग त्याच ५,२०० रुपयांत पतपेढी, वाणी आणि भाऊ अशी तिन्ही देणी सुमारे चौदा महिन्यांत फिटतात. रक्कम तीच, महिनेही तेवढेच; एका वाटेने माणूस मोकळा होतो आणि दुसरीने जिथल्या तिथे राहतो. सावकारीचा कायदाही ठाऊक असू द्या. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. सावकाराला भिऊन वागण्याचे दिवस गेले आहेत, पण हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच गेले आहेत.

तेव्हा गणित नवऱ्याच्या बाजूचे आहे. चढत्या व्याजाचे कर्ज आधी उतरवावे. पण त्याने दिलेले कारण मात्र चुकीचे आहे. ओरडणाऱ्याचे आधी द्यायचे आणि गप्प बसणाऱ्याला तिष्ठत ठेवायचे, ही भीतीची रीत झाली. तिला शील म्हणता येत नाही.

भगवान बुद्धांनी गृहस्थांना कर्जाविषयी स्पष्ट सांगितले आहे. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख स्वतंत्र मोजले आहे. दुसऱ्या एका उपदेशात त्यांनी कर्जाच्या पायऱ्या दाखवल्या. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. ही शेवटची पायरी आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. कर्जापायी सालगडी म्हणून राबलेले, बापाचे कर्ज मुलाच्या अंगावर आलेले वाडवडील पुष्कळ घरांत होऊन गेले. वेठबिगारी बंद करणारा कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. ज्या खोड्यातून ते सुटले, त्यात आपण मंडपासाठी आपला पाय पुन्हा अडकवावा काय?

आणखी एक गोष्ट नवदीक्षितांनी विशेष ध्यानात घ्यावी. राजा बिंबिसाराने भिक्खूंना कोणी हात लावू नये अशी आज्ञा केली होती. तेव्हा एक कर्जदार पळून येऊन भिक्खू झाला. लोकांनी कुरकुर केली. त्यावर भगवंतांनी नियम घातला की कर्जदाराला प्रव्रज्या देऊ नये. आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारतात, तू ऋणमुक्त आहेस ना? याचा अर्थ काय? चीवर हे देणे चुकवण्याचे पांघरूण नव्हे. मग आपण त्रिसरण घेतले, पंचशील घेतले, म्हणून आपला दिलेला शब्द माफ होतो काय? मुळीच नाही. उलट तो अधिक जड होतो.

कर्ज म्हणजे दिलेला शब्द. सावकाराला दिलेल्या शब्दावर व्याज चढते, ते वहीत दिसते. भावाला दिलेल्या शब्दावर व्याज चढत नाही, म्हणून तो विसरायला सोपा. पण त्याला टाळणे, त्याच्या गल्लीतून न जाणे, फोन न उचलणे, हेही चौथे शील मोडणेच आहे. खोटे बोलायला दर वेळी तोंड उघडावे लागत नाही. बायकोपासून ४०,००० लपवणारा नवरा कुठे काही बोलला होता?

म्हणून माझे उत्तर असे. पैसे आधी व्याजाच्या कर्जाला द्यावेत, पण भेट आधी भावाची घ्यावी. दोघांनी मिळून त्याच्या घरी जावे, वही त्याच्यापुढे ठेवावी आणि सांगावे, "तुझे पैसे अमुक महिन्यापासून सुरू होतील, अमुक महिन्यात संपतील. मध्ये तुला गरज पडली तर सांग, क्रम बदलू." त्याच्या घरी आजारपण निघाले, तर खरोखरच क्रम बदलावा, मग चार पैसे व्याज जास्त गेले तरी चालेल. गणित पाळावे, पण माणसाच्या गरजेपेक्षा त्याला मोठे करू नये.

कोलिय दीघजाणूला सांगितलेली समजीविता हीच. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपली आवक-जावक कळली पाहिजे. हा तराजू घरात एकाच्या हाती राहू नये. नवऱ्याने मिळवावे आणि लपवावे, बायकोने वाटेल तसे भागवावे, ही जुनी रीत सोडून द्या. दर महिन्याच्या पगाराला दोघांनी वही उघडून शेजारी बसावे. कळत्या मुलांनाही जवळ बसवावे. आईबाप गरीब आहेत हे कळल्याने मूल खचत नाही. आईबाप एकमेकांपासून काही लपवतात हे कळले, की मात्र ते खचते.

आणि दानाचे म्हणाल, तर उसने आणून वर्गणी देऊ नका. विहारात जाऊन झाडू मारा, पाणी भरा. तेही दानच आहे.

चौदा महिन्यांनी वहीत शेवटची रेघ ओढली जाईल. सावकाराचा माणूस त्या दारातून जाईल तेव्हा घरातली बाई मान वर करून त्याच्याकडे पाहील. त्या पाहण्यासाठी आज रात्रीच एक कोरी वही काढा, आणि पहिल्या पानावर ते कर्ज लिहा, जे आजवर तुम्ही एकमेकांना सांगितले नाही.