निवांतपणाचा ठराव

निवांत सहल या शब्दांविषयी मला दाट संशय आहे. गारगोटीहून आंबोलीला दोन दिवस जायचं ठरलं. तिथं वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तेव्हा धुक्यात बसून काहीच करायचं नाही, हा माझा बेत. मुलांना धबधबा हवा, आईला हिरण्यकेशीचा उगम. सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "आणि डबे कोण करणार?" आता सांगा, आपल्या आरामापायी दुसऱ्याची कंबर मोडत असेल, तर त्याला आराम म्हणायचं का? खानावळीत जेवावं, तर आपला रविवार म्हणजे तिथल्या बाईच्या घामाचा वार. पण तिला निदान पैसे तरी मिळतात, आमच्या घरी नुसतं "मीठ कमी पडलंय!" शेवटी खानावळीचा ठराव पास झाला. लसणाची चटणी मात्र हिनं आदल्या रात्रीच कुटून ठेवली.