वाकलेली कंबर आणि आपली श्रद्धा



लूककृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री आहे. प्रभू येशू शब्बाथ दिवशी तिला बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. प्रभू त्याला बैल-गाढवांची आठवण देतो: त्यांना शब्बाथ दिवशीही सोडून पाण्यावर नेता, मग हिची सुटका का नको?

आपल्या धडगावच्या डोंगरांत हंडे आणि मोळ्या वाहून अनेक भगिनींची कंबर वरचेवर धरते. क्रूस समजून त्या गप्प सोसतात. परंतु प्रभूने त्या स्त्रीला सोसत राहा, असे सांगितले नाही. उपचार घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. पोप फ्रान्सिस यांनाही सायटिकाचा त्रास होता; ३१ डिसेंबर २०२० ची सायंप्रार्थना ते त्यामुळे चालवू शकले नाहीत.

साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत उतरते. अंथरूण धरू नका; झेपेल तेवढे चाला, शेक घ्या. दुखणे परत परत येत असेल तर डॉक्टरांना विचारून व्यायाम नियमित करा. पाय बधिर किंवा लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो, तपासून घ्या.

आणि घरातील पुरुषांनो, तिच्यासाठी प्रार्थना करताना तिचा हंडाही आपण उचलू या.

आपला,
धर्मगुरू