प्रारब्ध, स्वधर्म आणि जन्मजात हृदयविकार

धरमतरच्या खाडीकाठी माणसाची किंमत पिढ्यानपिढ्या अंगमेहनतीवर ठरत आली आहे. मिठागरे, खारबंदिस्तीचे बांध, भातखाचरे आणि बंदरावरची हमाली ही सारी छातीत दम असणाऱ्यांची कामे असल्यामुळे, हृदयाच्या पडद्यात छिद्र असलेले किंवा रक्तात प्राणवायू कमी पडून ओठ निळे होणारे मूल अशा घरात जन्मले की उपचारांच्या चिंतेसोबत दोन जुने प्रश्न उभे राहतात: हे कोणाच्या कर्माचे फळ आणि या जीवाचा स्वधर्म कोणता?

कर्मसिद्धान्त साठलेल्या कर्माला संचित, त्यातून फळाला आलेल्या भागाला प्रारब्ध आणि आज घडत असलेल्या कर्माला क्रियमाण म्हणतो. गर्भाचे हृदय पहिल्या आठ आठवड्यांत घडते, हजार जन्मांमागे सुमारे आठ ते दहा बाळांत त्यात दोष राहतो आणि बहुतेकदा त्याचे एकच कारण सांगता येत नाही. तरीही आईने ग्रहण पाळले नाही, असे बोलणारे भेटतातच. सिद्धान्त घटकाभर मान्य केला, तरी प्रारब्धाची हद्द शरीरापाशी संपते. ‘झेपणार नाही’ म्हणून शाळेने मुलाला परत पाठवणे किंवा शस्त्रक्रियेचा व्रण पाहून मालकाने नोकरी नाकारणे हे नाकारणाऱ्याचे क्रियमाण आहे, आणि त्याचा हिशेब मुलाच्या खात्यावर मांडणे हा सिद्धान्ताचाही अपलाप ठरतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 साली जन्मलेल्या विनोबांच्या विचारात शरीरश्रम हे एकादश व्रतांपैकी एक व्रत होते. मग ज्याला श्रम झेपत नाहीत, तो या व्रताबाहेरच राहिला काय? उत्तराचा धागा विनोबांच्याच विवेचनात सापडतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत त्यांनी स्वधर्म हा निसर्गतः प्राप्त होतो, असे मांडले. आणि जन्मासोबत जे निसर्गतः मिळते त्यात आईबापांइतकेच शरीरही येत असल्याने श्रमाचे मापही त्या शरीरावरूनच ठरले पाहिजे. पेणच्या गणपती कारखान्यात माती मळणारा आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा, दोघेही श्रमच करतात. मात्र बसून करायचे काम दयेपोटी माथी मारणे हाही अन्यायच, कारण दोष किरकोळ असलेली किंवा वेळेवर शस्त्रक्रिया झालेली अनेक माणसे सर्वसामान्यांसारखीच राबू शकतात. म्हणून निवड वैद्यकीय तपासणी आणि स्वतःची आवड यांवर व्हावी, शेजाऱ्यांच्या हळहळीवर नव्हे.

शासनाचे वर्तन येथे विचित्र आहे. 2013 साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा विकार शोधतो, पण अठराव्या वर्षापर्यंतच, म्हणजे रोजगाराचा प्रश्न सुरू होतो तिथे तो थांबतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत, जन्मजात हृदयविकाराचे मात्र नाव नाही. अनुसूचीत भर घालण्याचा अधिकार त्याच अधिनियमाने केंद्र सरकारला दिलेला आहे. तो वापरून, निदान ज्यांचा दोष शस्त्रक्रियेनंतरही श्रमशक्ती मर्यादित ठेवतो, त्यांचा समावेश आता करावा.