काकूंची बादली

गिरगावातल्या आमच्या चाळीची गॅलरी सामायिक. तिथल्या कुंड्या नव्याने मांडायच्या म्हणून मी मोबाइलवर फोटो काढले. फोटोत एरवी नजरेआड होणारं सगळं खुपायला लागलं : गंजलेले तेलाचे डबे, वाळत घातलेले कपडे, शेजारच्या काकूंची गवती चहाची बादली. बोटाने एकेक पुसत गेलो. उरलं ते फार देखणं होतं.

हम्फ्री रेप्टन हा इंग्रज उद्यानरचनाकार हेच कागदावर करी. चित्रावर एक कागदी झडप. ती उचलली की बदललेली बाग दिसे. 1816च्या पुस्तकात त्याने इसेक्समधल्या स्वतःच्या घरासमोरचं दृश्य असंच दिलंय. आधी समोर खाटकाचं दुकान, कुंपणाशी अपंग भिकारी. झडप उचलली की झुडपं, फुलं. भिकारी नाही. तो कुठे गेला, हे चित्राला सांगावं लागत नाही.

काकूंना मी फोटो दाखवला. ‘‘छान रे. माझी बादली कुठाय?’’

बादली बेढबच आहे, हे मी आजही म्हणेन. पण ती तिथे का आहे, ते फोटोत येत नाही : सकाळचं ऊन गॅलरीत तेवढ्याच दोन फुटांवर पडतं. शिवाय पावसाळ्यात अख्खा मजला त्यातली पाती चहासाठी तोडून नेतो. मीही. विचारल्याशिवाय पुसताना मात्र गॅलरी माझ्या एकट्याची झाली होती.

‘‘कपडे कुठे वाळत घालायचे, तेही दाखव त्यात,’’ काकू म्हणाल्या.