निकाल ठरलेला असताना

गीतेच्या अकराव्या अध्यायात एक अवघड जागा आहे. विश्वरूप दाखवून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला सांगतो की भीष्म, द्रोण, कर्ण हे समोर उभे असलेले सगळे मी आधीच मारून ठेवले आहेत, तू फक्त निमित्त हो. अठराव्या अध्यायात तोच कृष्ण म्हणतो की सांगायचं ते सांगून झालं, आता पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. युद्धाचा निकाल लागलेला आहे, आणि तरी लढायचं की नाही हे अर्जुनाने ठरवायचं आहे. निकाल ठरलेलाच असेल तर करणाऱ्याच्या करण्याला मोल कुठून येतं? या प्रश्नावर भाष्यकारांनी पिढ्यानपिढ्या खल केला आहे. त्यांच्या पंगतीत बसायची माझी पात्रता नाही. पण या प्रश्नाची परीक्षा घ्यायला एक अगदीच अधार्मिक जागा फार सोयीची आहे, आणि तिकडे कुणी फारसं वळत नाही. ती म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती. नव्वदच्या दशकात केबलवरून ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ या नावाने ती महाराष्ट्राच्या घराघरांत शिरली, तिच्या पत्त्यांचे डाव शाळेच्या व्हरांड्यांत रंगले आणि अंडरटेकर मरून पुन्हा जिवंत होतो ही वदंता कित्येक पोरांनी शपथेवर पसरवली. या कुस्तीत कोण जिंकणार हे कंपनी ठरवते आणि दोघा मल्लांना ते ठाऊक असतं. एवढं असूनही पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या लढतींवर शौकीन आजही हमरीतुमरीवर येतात.

ते भांडतात कशावरून, हे आधी पाहावं. कोण जिंकलं यावरून कुणीच भांडत नाही. २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये ‘रेसलमेनिया’ या कार्यक्रमात ब्रेट हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला हरवलं. पण त्या लढतीची ओळख सांगताना कुणी ‘हार्ट जिंकला ती’ असं म्हणत नाही. तिची ओळख म्हणजे ऑस्टिनचा चेहरा. हार्टने त्याला पालथा पाडून दोन्ही पाय पिळले होते आणि कंबर मागे वाकवून धरली होती. हीच हार्टची ‘शार्पशूटर’ पकड. ऑस्टिनच्या फुटलेल्या कपाळातून रक्त ओघळत होतं आणि किंचाळताना ते दातांच्या फटींत शिरत होतं. एकदा हातांवर जोर देऊन त्याने पकड जवळजवळ सोडवली, हार्टचा तोल गेला, पण पुन्हा पेच बसला. पंच केन शॅमरॉक विचारत राहिला, ऑस्टिनने शरणागती दिली नाही, शुद्ध हरपली आणि घंटा झाली. घंटेनंतरही हार्टने त्याला मारणं थांबवलं नाही. शॅमरॉकने त्याला ओढून बाजूला केलं. सज्जन म्हणून आत आलेला हार्ट शिव्याशाप घेत बाहेर गेला. दुर्जन म्हणून आलेला ऑस्टिन कुणाचा हात न धरता, लंगडत, लोकांच्या जयघोषात परतला. नफातोटा मांडला तर हरणाऱ्याने सगळं मिळवलं. तेव्हा शौकिनाचं मत निकालाबद्दल नसतंच. निकाल हा त्याच्या दृष्टीने दिलेला असतो, आणि त्या दिलेल्या चौकटीत माणसं कशी वागली याचा तो निवाडा करत असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही सगळी नुरा कुस्ती, लोकांच्या डोळ्यांत धूळफेक, मग खोट्या गोष्टीवर खरं मत ते काय असणार? धूळफेकीचा आरोप निदान १९८९ नंतर टिकत नाही. त्या वर्षी कंपनीने स्वतःच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सांगितलं की आम्ही करतो ती करमणूक आहे, खेळांवरची सरकारी देखरेख आणि कर आम्हाला नकोत. पैसे वाचवायला बोललेलं सत्यही सत्यच. आक्षेपाची खोल बाजू मात्र उरतेच, आणि तिच्यावर हजारेक वर्षांपूर्वी काश्मिरात विचार झाला आहे. नाट्यशास्त्राचा टीकाकार श्रीशंकुक याचं म्हणणं अभिनवगुप्ताने नोंदवून ठेवलं आहे. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ असं आपल्याला वाटतं, पण ते वाटणं ना खरं ज्ञान असतं, ना भ्रम, ना संशय, ना नुसतं साम्य. ती जाणिवेची पाचवीच जात आहे. अभिनवगुप्ताने शंकुकाचा सिद्धान्त खोडून काढला हे खरं, पण हा घोडा काही त्याच्याने मेला नाही. कुस्तीच्या प्रेक्षकाची जाणीव याच जातीची आहे. फरक एवढाच की इथला घोडा अर्धा रंगवलेला आणि अर्धा हाडामांसाचा असतो. राग रंगवलेला, वैर रंगवलेलं, पण पाठ खरी, आणि ती पडते ती पोलादी तुळयांवर टाकलेल्या फळ्यांवर, वर पातळ गादी एवढाच आधार. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थने १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकाची सुरुवातच कुस्तीवरच्या निबंधाने केली आणि लढत ठरलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला पर्वा नसते, असं बजावलं. बरोबर आहे. पण बार्थ प्रेक्षकांत बसून चिन्हं वाचतो. रिंगणातला एक माणूस दुसऱ्याच्या हाती आपली मान देतो, तेव्हा त्या दोघांमध्ये काय घडतं याचा विचार त्याच्याकडे नाही.

दुसरा आक्षेप तालमीतल्या माणसाचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. खासबागेच्या मातीत निकाली कुस्ती पाहिलेला माणूस म्हणेल की निकाल खुला असेल तिथेच पुरुषार्थ, बाकी सगळी नाटकं. मग खुल्या निकालाची जगप्रसिद्ध लढतच घेऊ. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झबिस्कोशी लढला. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतलं. त्यानंतर झबिस्को पोटावर जो पडून राहिला तो अडीच तासांहून जास्त वेळ उठलाच नाही. लढत बरोबरीत सोडवली. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं, तेव्हा तो फिरकलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत त्याला अस्मान दाखवलं. गामाच्या ताकदीबद्दल वाद नाही. पण १९१० च्या त्या अडीच तासांत झबिस्कोला हवं ते करायची मुभा होती आणि त्याने काहीही न करणं निवडलं. निकाल खुला असल्याने कृतीला आपोआप मोल येत नाही, हे यावरून दिसतं. उलट खुल्या निकालाची भीतीच कृतीला गोठवू शकते. अमेरिकेत १९२० च्या दशकात एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस आणि त्याच्या सोबत्यांनी निकाल आधी ठरवून वेगवान कुस्ती सुरू केली, त्यामागे अशाच लांबलेल्या, रटाळ लढतींचा कंटाळा होता. गल्ल्याचा विचार होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हारजितीची चिंता काढून घेतल्यावर मल्लाकडे उरलं ते फक्त ‘कसं’.

या ‘कसं’चा कस सर्वांत जास्त लागला तो, माझ्या मते, ३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यू जर्सीतल्या ‘समरस्लॅम’ या कार्यक्रमात. ऑस्टिन विरुद्ध ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट. ऑस्टिनने जिंकायचं हे ठरलेलं. (हरला तर त्याने ओवेनच्या पार्श्वभागाचं चुंबन घ्यायचं, अशी जाहीर अट होती. या धंद्याची अभिरुची ही अशी.) लढत रंगात असताना ओवेनने त्याला उलटा उचलून डोकं खाली असलेला पाइलड्रायव्हर मारला आणि गुडघ्यांवर टेकण्याऐवजी बसकण मारली. ऑस्टिनचं डोकं सरळ जमिनीवर आदळलं आणि मान दुखावली. काही काळ त्याला हातपाय हलवता येईनात. इथपर्यंतचं काहीच कुणी लिहिलं नव्हतं. आणि आता दोघांसमोर लिहिलेला निकाल उभा होता: जो हलू शकत नाही त्याने जिंकायचं आहे. ओवेनने काय केलं ते नीट पाहावं. त्याने नियमाप्रमाणे हल्ला चढवला नाही. तो रिंगणात फिरत राहिला, प्रेक्षकांना डिवचत राहिला, खलनायकाची बढाई मारत राहिला. त्या बढाईच्या आडून तो जोडीदाराला श्वास घ्यायला वेळ मिळवून देत होता. दुष्टपणाचं सोंग ही त्या घटकेला त्याच्याजवळची करुणेची एकमेव भाषा होती. मग ऑस्टिन कोपरांवर सरपटत आला, मागून त्याच्या पायाला कशीबशी मिठी घातली, आणि त्या बिनताकदीच्या मिठीत ओवेन आपणहून कोसळला आणि तीन आकडे होईपर्यंत पडून राहिला. डाव म्हणून तो शाळकरी पोरालाही शोभणार नाही. निकाल ठरल्याप्रमाणेच लागला, पण तो लागण्याआधीच्या मिनिट-दीड मिनिटातला एकही निर्णय ठरलेला नव्हता. गीतेतल्या ‘निमित्त’ या भूमिकेचा अर्थ हातातली बाहुली असा लावणाऱ्यांनी ते मिनिट-दीड मिनिट पाहावं. निमित्त झालेल्या माणसालाही सांभाळायचं की सोडून द्यायचं, हे स्वतःच ठरवावं लागतं.

इथे कुणी म्हणेल की हे मल्लांचं ठीक आहे, त्यांनी संहितेला संमती दिलेली असते. माणसाच्या नशिबाचं तसं कुठे आहे? आपल्याला निकाल कुणी आधी सांगत नाही, आपली सहीही घेत नाही. या आक्षेपाला हलकं उत्तर नाही, आणि कुस्तीच्या इतिहासातच त्याचा पुरावा आहे. ९ नोव्हेंबर १९९७, माँट्रियल. ब्रेट हार्ट कंपनी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत चालला होता, विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडे होता, आणि आपल्या देशात शॉन मायकेल्सकडून हरायला त्याची तयारी नव्हती. लढत निकालाविना गोंधळात संपवायची, असं त्याच्याशी बोलणं झालं होतं. प्रत्यक्षात मायकेल्सने हार्टचीच शार्पशूटर त्याच्यावर लावली, तोच रिंगणाशेजारी उभ्या असलेल्या मालक व्हिन्स मॅकमॅहनने घंटा वाजवायला लावली. हार्टने शरणागती दिलीच नव्हती. त्याला उमगलं तेव्हा तो मॅकमॅहनच्या तोंडावर थुंकला. याही लढतीचा निकाल ठरलेला होता, फक्त तो हरणाऱ्यापासून लपवून ठरवला होता. आठ महिन्यांपूर्वी याच हार्टने ऑस्टिनचं कपाळ आपल्या हाताने चिरलं होतं. कंपनीत तेव्हा असं रक्त काढायला मनाई होती, म्हणून दोघांनी ते मालकापासून लपवून आपसांत ठरवलं होतं. एकाने दुसऱ्याच्या पात्याखाली कपाळ धरलं, इतका तो भरवसा. म्हणजे रोझमाँटलाही लपवाछपवी होती आणि माँट्रियललाही. पहिली ज्याच्या अंगावर घडणार त्याच्या संमतीने झाली, दुसरी त्याला अंधारात ठेवून. माझ्या मते खोटेपणाची रेघ इथे पडते. निकाल आधी ठरला म्हणून कुस्ती खोटी होत नाही. ज्याच्या देहावर ती होणार त्याला फसवलं की ती खोटी होते.

मग विनासंमतीच्या नशिबाचं काय? इथे कर्णाची आठवण होते. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो आणि पांडवांकडे यायला सांगतो, तेव्हा कर्ण कृष्णालाच सांगतो की आपण स्वप्नात युधिष्ठिराला विजयाच्या प्रासादावर चढताना पाहिलं आहे. आपण हरणार हे त्याला ठाऊक आहे. संहिता त्याने लिहिली नाही, तिच्यावर त्याची सहीही नाही. तरी दुर्योधनाला दिलेला शब्द तो ठेवतो, आणि हे रहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नकोस असंही कृष्णाला बजावतो. ज्या निकालाला संमती देण्याचा प्रश्नच आला नाही, त्याच्या आत राहून त्याने कुणाशी कसं वागायचं हे ठरवलं. कर्णाचा पक्ष न्यायाचा नव्हता, आणि शब्द पाळण्याने अन्याय धुऊन निघत नाही, हे मान्य. पण माझा मुद्दा एवढाच आहे की निकाल माणसाच्या हातात नसला तरी भरवसा हातात असतो. अर्थात माँट्रियलचा हार्ट कर्णासारखा वागला असता तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. कर्णाला फसवणाऱ्यांत दैव होतं, हार्टला फसवणारा मालक होता. दैवापुढे धीर शोभतो. मालकाने फसवलं तेव्हा थुंकणं जास्त रास्त होतं.

एक लोकप्रिय मत मात्र मला पटत नाही. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गला अंडरटेकरने मिक फोलीला सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून खाली निवेदकांच्या टेबलावर फेकलं. थोड्या वेळाने फोली पुन्हा वर चढला आणि छताची जाळी तुटून आत आदळला. हे दुसरं पडणं तसं ठरलेलं नव्हतं. तुटलेला दात त्याच्या नाकात शिरलेला कॅमेऱ्याने टिपला. अनेक शौकीन हीच सर्वांत ‘खरी’ लढत मानतात, कारण वेदना खरी होती. वेदनेला सत्याचं प्रमाण मानण्याची ही चूक धर्मांनीही केली आहे, अंगाला गळ टोचून घेण्यापासून चाबकाने पाठ सोलण्यापर्यंत. अपघात कितीही खरा असला तरी त्याने कृतीचं मोल वाढत नाही. फोलीच्या धैर्याला मी कमी लेखत नाही. पण त्या रात्री जाळी किती पक्की आहे याची काळजी कुणीतरी घ्यायला हवी होती, ती घेतली गेली नाही. पुढल्याच वर्षी, २३ मे १९९९ रोजी, कॅन्सस सिटीत सभागृहाच्या छतावरून रिंगणात उतरताना ओवेन हार्ट खाली कोसळला आणि गेला, आणि कंपनीने त्या रात्रीचा कार्यक्रम पुढे चालू ठेवला. दुसऱ्याचा देह सांभाळण्यावर उभ्या असलेल्या धंद्याने स्वतःचाच एकमेव धर्म मोडला तो इथे.

म्हणूनच नव्वदच्या दशकातल्या लढतींची प्रतवारी करताना पिट्सबर्ग मी बरंच खाली ठेवीन, रोझमाँट वर, आणि समरस्लॅममधली ती ढिसाळ मिठी त्याच्याही वर. जाणकारांना हे पटणार नाही. अपघाताने बिघडलेली लढत ती लढत कसली, आणि दयेला गुण द्यायचे तर तंत्राचं काय, असं ते विचारतील. तंत्राचे गुण ओवेनला शून्य द्यावेत, माझी हरकत नाही. त्याची चूक त्याच्या तंत्रातच होती. त्यानंतरच्या मिनिटभराचे गुण मात्र वेगळे मोजावे लागतात, आणि ते तंत्राच्या रकान्यात बसत नाहीत.