न्यायालयाची पायाभरणी आणि भूमिपूजनाचा प्रश्न

बांधकामापूर्वी जमिनीची पूजा करून, खोदकामाने तिला होणाऱ्या इजेबद्दल क्षमा मागण्याच्या विधीला भूमिपूजन म्हणतात. कुदळीचा पहिला घाव, हळदकुंकू वाहिलेली वीट आणि वाढवलेला नारळ ही त्याची परिचित अंगे होत. स्वतःचे घर बांधणाऱ्याने हा विधी करावा की नाही, हा त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु न्यायालय शासन बांधते, आणि शासनाने कोणत्याही एका धर्माचा पक्ष घेऊ नये हे धर्मनिरपेक्षतेचे तत्त्व 1994च्या बोम्मई खटल्यात संविधानाच्या मूलभूत चौकटीचा, म्हणजे घटनादुरुस्तीनेही नष्ट करता न येणारा, भाग ठरले असल्याने तेथे या प्रश्नाचे स्वरूप पालटते.

सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती अभय ओक यांनी मार्च 2024 मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या नव्या न्यायालय इमारतीच्या समारंभात, न्यायालयांच्या कार्यक्रमांतून पूजाअर्चा वगळून संविधानाच्या उद्देशिकेसमोर, म्हणजे त्याच्या ध्येयांचे कथन करणाऱ्या प्रस्तावनेसमोर, नतमस्तक व्हावे, अशी भूमिका मांडली. याउलट गुजरात उच्च न्यायालयाने 2011 मध्ये, आपल्याच इमारतीच्या भूमिपूजनाला आव्हान देणारी याचिका फेटाळताना, या विधीमागे सर्वांच्या कल्याणाची भावना असल्याचे मानले.

हा युक्तिवाद हलका नाही, कारण सर्वांचे कल्याण चिंतणे किंवा भूमीविषयी कृतज्ञ असणे ही कोणत्याही एका पंथाची मिरास नसते. तथापि भावना सर्वांची असली, तरी मंत्र आणि पुरोहित एकाच परंपरेचे असतात, आणि पक्षकार मात्र सर्व परंपरांचे असतात. उदाहरणार्थ, भिवंडी शहरात हिंदू आणि मुसलमान शेजारी राहतात, यंत्रमागांवर एकत्र राबतात; 1970च्या तेथील दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाला करावी लागली होती. अशा शहरातील नागरिकाला न्यायाधीश निःपक्षपाती आहे, एवढ्याने भागत नाही. ती निःपक्षपातिता त्याला उंबरठ्यावरच प्रतीत व्हावी लागते.

भूमीविषयीच्या कृतज्ञतेला बांधकामातच अधिक खरे रूप देता येते: पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे, उभी झाडे राखणे, अपंगांसाठी उतार बांधणे आणि दिवसभर तिष्ठणाऱ्या पक्षकाराला सावलीत बसण्याची जागा देणे, ही त्याची अंगे ठरू शकतात. म्हणून मजुराने आपल्या श्रद्धेने कुदळीला कुंकू लावावे, त्याला कोणी अडवू नये. परंतु न्यायसंस्थेच्या नावाने होणाऱ्या पायाभरणीत उद्देशिकेचेच वाचन व्हावे, हेच न्यायाला धरून आहे.