मागायला स्वतः जा

॥ श्री गुरुदेव प्रसन्न ॥
🌼 *गुरुवारचा प्रसाद* 🌼

_हट्टा येथील सत्संगात माऊलींनी केलेले निरूपण. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी सेवेकऱ्यांनी लिहून घेतले आहे. रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावे._

बाळांनो, धानाचं चुरणं आटोपलं. आता हाताला थोडी उसंत आहे. अशा दिवसांत माणूस घरातल्या अडगळीकडे बघतो. मोडलेली खाट दुरुस्त करतो, कवेलू शाकारतो. आपल्या परिवारातल्या एका मुलानं यंदा वडिलांची जीप काढली. आज तिचीच गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणाल, महाराज आता गाड्यांवर प्रवचन करायला लागले का! ऐका तर जी.

जुनी जीप तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. अमेरिकेच्या विलिस कंपनीनं ती महायुद्धासाठी बनवली, १९४१ ते १९४५ या काळात. पुढे तीच घडण आपल्याकडे महिंद्रांनी आणली. त्या कंपनीचं पहिलं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून ती काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. भागीदार गेला, पण आद्याक्षरं तीच राहिली. घरंही अशीच तुटतात ना? आडनाव तेच राहतं, मधे भिंत येते.

या मुलाच्या घरीही भिंत आहे. त्याचे वडील आणि काका, दोघांकडे एकेक जीप होती. वडिलांची जीप म्हणजे गावाची रुग्णवाहिका. रात्री कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणात अडली, की गोंदियाला नाहीतर बालाघाटला तीच धावायची. मग वाटणी झाली. एका आंब्याच्या झाडावरून बोलाचाली झाली आणि वाड्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. पंधरा वर्षं झाली. वडील गेले, काकाही गेले. भिंतीच्या अलीकडे एक जीप गंजली, पलीकडे दुसरी.

*पहिली चूक*

पोराला वाटलं, बापाची जीप पुन्हा चालू करावी. उत्साह मोठा! त्यानं गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरली, वरून हिरवा रंग मारला, फोटो गटात टाकला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. एक पावसाळा गेला आणि पुट्टीचे पोपडे निघाले. खालचा पत्रा आणखीच खाल्लेला.

मग त्यानं एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आणलं. मिस्त्री रंगाकडे बघेना. हातोडी घेऊन गाडीखाली शिरला आणि चेसिस ठोकत गेला. चांगलं लोखंड खणखणतं. सडलेलं लोखंड भद्द बोलतं. त्यानं खडूनं खुणा केल्या आणि म्हणाला, "भाऊ, आधी हे कापून काढावं लागेल. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, मग नवं जोडायचं, त्यावर रेड ऑक्साईड, आणि रंग सगळ्यात शेवटी."

बाळांनो, आपण नाती कशी दुरुस्त करतो? दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतो. 'शुभ सकाळ'चा संदेश टाकतो. ही सगळी पुट्टी आहे. आपल्या हट्ट्याची बावडी बघा. वरून चालणाऱ्याला पाणी दिसतं का? पायऱ्या उतराव्या लागतात. तसं स्वतःच्या मनात उतरा, हातोडी घ्या, ठोका. आवाज कुठे भद्द येतो ते तुमचं तुम्हाला कळेल.

*दाता कोण?*

इंजिन अडकलेलं होतं. पोरगं धक्का मारायला निघालं, मिस्त्रीनं हात धरला. प्लग काढले, भोकांतून तेल सोडलं आणि सांगितलं, "चार-पाच दिवस हात लावू नका." नंतर हातानंच हळूहळू फिरवलं, आणि फिरलं. अडकलेल्याला जोर केला तर तुटतं. तेल मुरायला वेळ लागतो. घरातल्या रुसलेल्या माणसाचंही तसंच आहे हो.

पण गिअरबॉक्स गेलेलाच होता, आणि पुढच्या-मागच्या हाऊसिंगमधले दातही. नवे कुठून मिळणार? मिस्त्री म्हणाला, "एक दाता गाडी लागेल. तिचे भाग हिला घालू." आणि त्यानं भिंतीपलीकडे बोट दाखवलं.

पोरगं माझ्याकडे आलं. म्हणालं, "महाराज, युक्ती केली आहे. कबाडीवाल्याला काकूकडे पाठवतो. तो भंगार म्हणून घेईल, मी त्याच्याकडून घेतो. काकूला कळणारच नाही."

मी म्हणालो, "बाळा, दधीची ऋषींची गोष्ट ऐकली आहेस का?"

सगळ्यांना एवढं ठाऊक असतं की दधीचींनी हाडं दिली, त्यांचं वज्र झालं आणि वृत्रासुर मेला. पण आधीची गोष्ट फार कमी लोक सांगतात. दधीचींना मधुविद्या येत होती. इंद्रानं धमकी दिली, ती कुणाला शिकवलीस तर डोकं उडवीन. अश्विनीकुमारांना तर ती शिकायची होती. त्यांनी काय केलं? ऋषींचं डोकं काढून जपून ठेवलं आणि घोड्याचं डोकं बसवलं. त्या मुखानं विद्या शिकवली. इंद्रानं ते डोकं उडवलं. अश्विनीकुमारांनी मूळ डोकं पुन्हा जोडलं. सुटा भाग बसवण्याची ही आपली सगळ्यात जुनी कथा असेल!

आता विचार करा. ज्याचं डोकं उडवलं, त्याच्याच हाडांची पुढे इंद्राला गरज पडली. केवढी लाज! तरी देवांना दधीचींच्या दारात जावंच लागलं. रात्री चोरून हाडं नेली नाहीत, दलाल पाठवला नाही. मागितली. आणि ऋषींनी जुना हिशेब काढला नाही.

मी पोराला एवढंच म्हणालो, "*मागून आणलेल्या लोखंडात देणाऱ्याचा आशीर्वाद असतो. फसवून आणलेल्यात त्याचा तळतळाट असतो.* जायचं तर तू जा."

*भिंतीपलीकडे*

पोरगं तीन दिवस गेलं नाही. चौथ्या दिवशी गेलं. काकूनं दार उघडलं, "या" म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. हा उभाच राहिला. म्हणाला, "काकू, बाबांची जीप चालू करतो आहे. काकांच्या जीपचे भाग पाहिजेत. तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल. पण आंब्यावरून मीही तेव्हा नको ते बोललो होतो. ते आधी सांगायला आलो."

काकू बराच वेळ त्या जीपकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाग दिले तर तिचं काहीच उरणार नाही ना रे?"

बाळांनो, हा प्रश्न मला झोपू देत नाही. चालू झालेल्या गाडीचा फोटो सगळे काढतात. जिनं सगळं दिलं ती मागे पत्र्याचा सांगाडा होऊन उभी असते, तिच्याकडे कोण बघतं? तुमच्या घरातही कुणीतरी असं आहे. धाकट्यानं शिकावं म्हणून शाळा सोडलेला दादा आहे. लेकाच्या फीसाठी पाटल्या मोडलेली आई आहे. त्यांच्या दातांवर तुमचा गिअर फिरतो आहे हो!

पोरगं खोटं बोललं नाही. "नाही काकू, फार काही उरणार नाही," म्हणालं. तेव्हा काकू बोलली, "माझ्या लेकाच्या वेळेला, भर पावसात, तुझ्या बापानं त्याच जीपनं मला गोंदियाला नेलं होतं. घेऊन जा. पण यांचं स्टिअरिंग तुझ्या गाडीला लाव. त्यावर यांचे हात होते."

*अर्धं घेऊ नका*

आता मिस्त्रीची एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यानं दोन्ही गाड्यांच्या हाऊसिंगमधले दात मोजले. एकीत ४३ ला ८, दुसरीत ३९ ला ८. म्हणजे एकीचं प्रमाण ५.३८, दुसरीचं ४.८८. पोरगं म्हणालं, "पुढचं खराब जास्त आहे, तेवढंच बदलू." मिस्त्री म्हणाला, "मग चारही चाकांचा जोर लावशील त्या दिवशी पुढची चाकं एका हिशेबानं फिरतील, मागची दुसऱ्या. मधला गिअर मोडेल. दोन्ही घे, नाहीतर एकही नको."

क्षमा अशीच असते. तोंडानं माफ केलं आणि मनात हिशेब ठेवला, तर सपाट रस्त्यावर कळत नाही. चिखलात गाडी रुतते त्या दिवशी आतून काहीतरी मोडतं.

आणखी एक. काकूच्या गाडीचे भाग बसले, पण चेसिसवरचा नंबर वडिलांच्या गाडीचाच राहिला. तो कधी खोडायचा नसतो, दुसरीचा आणून लावायचा नसतो, तो गुन्हा आहे. काकांच्या गाडीची नोंदणी परिवहन कार्यालयात रीतसर रद्द करून घेतली. दुसऱ्याकडून कितीही घ्या, आपली ओळख खरी ठेवा. आणि कुणाकडून घेतलं तेही लपवू नका.

एक इशाराही देतो. जी गाडी अजून चालू शकते, तिला दाता करू नका. सून कामाची आहे म्हणून तिचाच सगळा जीव काढायचा, मोठा मुलगा बोलत नाही म्हणून त्याच्याकडूनच मागत राहायचं, हे दान नव्हे. दधीचींनी स्वतः दिलं. काढून घेतलेलं दान होत नाही.

जीप चालू झाली. पहिल्या फेरीला काकू पुढे बसली. काकूचा मुलगा अजून बोलत नाही. भिंतही आहे. पण तिच्यात आता एक दार पाडलं आहे. तेल घातलंय बाळांनो, मुरायला वेळ द्या.

*या आठवड्याची साधना* 🙏

१. आपल्यासाठी ज्यानं स्वतःचं काही मोडलं, अशा एका माणसाचं नाव घरात सगळ्यांसमोर घ्या. तो जिवंत असेल तर त्याच्या पाया पडा.
२. जिथे मध्यस्थ पाठवणार होता, तिथे स्वतः जा.
३. माफ करायचं तर पुढचं-मागचं दोन्ही. नाही जमत तर खोटं बोलू नका, नाम घ्या आणि थांबा.

_पुढल्या गुरुवारी सत्संग नेहमीच्या वेळेला. येताना घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत आणावे._

॥ गुरुदेव माऊली की जय ॥ 🌺